पिल्लू आणि माझं बी.एड.

पावसात भिजलेलं पिल्लू मुलाने घरी आणलं. अम्मी म्हणाली, "जीव आहे, राहू दे. पण माझ्या मुसल्ल्याजवळ नको." आम्ही शाफई, कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. त्यामुळे त्याची जागा पडवीत.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी धरवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने पडवीत केलं की मी ओरडायचो, वर्तमानपत्राची सुरळी आपटायचो. मग ते माझ्यासमोर अंगणातही करेना. आत येऊन पिंपामागे लपून करायचं. 'इथं करू नये' हे ते शिकलंच नाही. 'सरांसमोर करू नये' एवढंच शिकलं.

मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. घरी उर्दू बोलणारी. मराठीच्या वहीत माझी लाल शाई पाहिल्यापासून ती वही दप्तरातून काढतच नाही. बी.एड.ला पावलॉव्ह, स्किनर पाठ केले होते, परीक्षेपुरते.

पद्धत बदलली. उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच अंगणात, रोज त्याच कोपऱ्यात. केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि चपातीचा तुकडा. चुकलं तर मुकाट्याने पुसायचं. 'बैठ'सुद्धा असंच शिकवलं. महिन्याभरात ते स्वतःच दाराशी जाऊन उभं राहू लागलं.

आता त्या मुलीच्या वहीत मी आधी बरोबर शब्दांवर खूण करतो. ती वही अजून मागावीच लागते. पिल्लाला महिना लागला; इथं जास्त लागेल.