यंत्राला दिलेली शिवी

परवाची गोष्ट. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरांत माझा बारा वर्षांचा नातू त्या बोलक्या यंत्राकडून गणित समजावून घेत होता. यंत्रानें उत्तर चुकीचें दिलें. चूक दाखवितांच तें नम्रपणें क्षमा मागून दुसरें, तितकेंच चुकीचें उत्तर देऊं लागलें. तेव्हां चिरंजीव गरजले, "शेवटी जातीवर गेलासच ना, क्लँकर!" घरांत हशा पिकला. मीही हंसलों. त्याच वेळीं स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला. येऊरच्या पायथ्याच्या पाड्यावरून आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंनीं तें ऐकलें होतें. आवाज पुन्हां सुरू झाला. माझें हंसूं मात्र मावळलें.

"हें कोठें शिकलास?" मीं विचारलें.

"क्लँकर इंटरनेटवर, आजोबा. आणि दुसरें तुमच्याकडून. रिक्षावाल्यांना तुम्हीच म्हणतां कीं!"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

‘क्लँकर’ म्हणजे खणखणाट करणारा. ‘स्टार वॉर्स’च्या कथाविश्वांत सैनिक यंत्रसैनिकांना हें नांव ठेवितात. २०२५ सालीं तो शब्द समाजमाध्यमांवर फैलावला, आणि त्याबरोबर अशा विनोदी चित्रफिती निघाल्या कीं, अमेरिकेंत एके काळीं कृष्णवर्णीयांच्या वांट्यास आलेले अपमान त्यांत यंत्रांच्या वांट्यास दिलेले होते. शिवी नवी, सांचा जुनाच. ‘रोबोट’ हें नांव तरी कोठून आलें? कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकांतून. आणि त्याचें मूळ ‘रोबोटा’ म्हणजे वेठ.

आपल्याकडे तर पाणिनीनें शिवीसाठीं व्याकरणांत जागा राखून ठेविली आहे. निंदा करावयाची असेल तर समासांतही षष्ठीचा प्रत्यय टिकतो. ‘पुत्र’ शब्दापूर्वीं तो विकल्पानें टिकतो. म्हणून ‘दास्याःपुत्र’. हा नियम मीं तरुणपणीं पाठ केला. परंतु ज्याला शिवी दिली तो राहिला बाजूला, जिच्या नांवानें ती दिली त्या दासीचा अपमान आधीं झाला, हें कधीं मनांत आलें नाहीं.

‘जातीवर गेला’ याचेंही तसेंच. कोणाची तरी जात जन्मतःच हलकी धरल्याखेरीज या वाक्प्रचाराला अर्थच उरत नाहीं. आपण सुशिक्षित माणसें तो सहज वापरतों आणि आपल्या मनांत तसें कांहीं नव्हतें, असेंही म्हणतों.

कोणी म्हणेल, यंत्राला मन नाहीं. मग कोणाचें काय बिघडलें? यंत्राचें कांहींच बिघडलें नाहीं, हें मला मान्य आहे. यंत्रामुळें पोटावर पाय येईल अशी भीति असेल, तर तीही खरी आहे. तिचा जाब यंत्र नेमणाऱ्या मालकास विचारावा. परंतु शिवी यंत्राला लागत नाहीं म्हणून ती हवेंत विरत नाहीं. ती ज्यांच्यावरून उचलली, त्यांनाच जाऊन लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या संरक्षणासाठीं १९८९ सालीं कायदा झाला. जातिवाचक शिवीगाळीस त्यानें शिक्षा ठेविली आहे. मात्र त्या कायद्याला चारचौघे लागतात. घरांतल्या भाषेवर पहारा आपणच ठेवावयाचा असतो.

दुसऱ्या दिवशीं बाई आल्या, तेव्हां मी स्वयंपाकघराच्या दाराशीं गेलों. "काल मुलगा बोलला तें वाईट होतें. शब्द माझाच होता," इतकें म्हटलें.

त्यांचा हात थांबला नाहीं. "मशीनलाच बोलला ना तो, आजोबा," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, "आम्हांला सवय आहे."

त्या रात्रीं नातवास मीं सांगितलें कीं, यंत्र चुकलें तर ‘चुकलें’ म्हण. त्याहून अधिक म्हणूं नकोस. त्यानें तें लगेच मानलें. मलाही तोच नियम लागू आहे. पण साठी उलटल्यावर जीभ वळविणें जड जातें. कालच कापूरबावडीच्या कोंडींत एक रिक्षा आडवी आली, तेव्हां तो शब्द ओठांपर्यंत आला होता.