आजी पणजीला निघते

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात आम्हाला शिकवतात की साधने मर्यादित असतात, गरजा अमर्याद असतात, आणि म्हणून माणसाला निवड करावी लागते. एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते. जी सोडली तिचे मोल म्हणजे घेतलेल्या गोष्टीचा संधी खर्च. ही व्याख्या मी परीक्षेत दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले. तिचा अर्थ मात्र मला उमगला तो यंदाच्या जानेवारीत, आमच्या आजीला बेळगावहून पणजीला कशाने न्यायचे हा प्रश्न घरात उभा राहिला तेव्हा. आजीला पणजीला न्यायचे, या वाक्यावर कुणाला हसू आले तर त्याने खुशाल हसावे. आमच्या घरी सगळ्यांचे हसून झाले आहे.

तसा हा प्रवास दोन राजधान्यांमधला. पणजी १८४३ पासून गोव्याची राजधानी आहे. आमच्या बेळगावला २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाची इमारत झाली आणि तिथे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा आठ-दहा दिवस आम्हीही राजधानीत राहतो. लॉज भरतात, मोर्चे निघतात, चौकाचौकांत पोलीस दिसतात. मग मंत्री बेंगळुरूला परततात आणि आम्ही पुन्हा जिल्ह्याचे गाव होतो. पण जवळजवळच्या दोन राजधान्या ही या मुलखाची जुनीच खोड आहे. गोव्याच्या कदंब राजांची एक राजधानी खाली समुद्राकाठी होती आणि दुसरी वर घाटमाथ्यावर, आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला. तिथले नरसिंहाचे देऊळ अजून उभे आहे. १९८० मध्ये गोव्याने बसचे महामंडळ काढले आणि त्याला नाव दिले कदंब. इकडे कन्नडच्या तासाला आम्ही शिकलो की कदंब हे पहिले कन्नड राजघराणे. म्हणजे वर्गात कदंब आमचे आणि बसस्टँडवर कदंब त्यांचे. राजे-महाराजांनाही हा जोडपरवाना कसा मिळाला, याचे मला फार कौतुक वाटते.

आता आजीविषयी. आजी ब्याऐंशी वर्षांची. माहेर पणजीचे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दीड वर्षाने ती लग्न होऊन बेळगावला आली. साठ वर्षे घाटावर काढली तरी माहेराला ती अजून 'कुळार' म्हणते, बाजारात कन्नड बोलते आणि आमच्याशी मराठी. तिची धाकटी बहीण पणजीलाच असते. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो. गेल्या दिवाळीत बायला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. फोनवर तिचे बोलणे आजीला कळेना आणि आजीचे रडणे बायला कळेना. दोघींची भेट होऊन सात वर्षे झाली होती. एका रात्री जेवताना आजी म्हणाली, "मला तिकडं नेऊन सोडा कुणीतरी. नंतर नेऊन उपयोग नाही." कुणीच काही बोलले नाही. नंतर बाबा म्हणाले, "कशानं जायचं ते ठरवू."

ठरवण्याचे काम वाणिज्य शाखेचा म्हणून माझ्याकडे आले. मी वहीचे पान आखले, पर्याय लिहिले, समोर खर्च, वेळ आणि त्रास असे तीन रकाने काढले.

पहिला पर्याय आगगाडीचा. आजीचे मन तिथेच होते, कारण नवी नवरी म्हणून ती याच वाटेने आली होती. हा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. खालचा भाग पोर्तुगीज हद्दीत, वरचा ब्रिटिश हिंदुस्थानात, आणि मध्ये घाट. तिथला चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. कागदावर हे काहीच नाही. रेल्वेच्या भाषेत हा उभा कडा आहे. म्हणून आजही कुळे ते कॅसलरॉक या टप्प्यात गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर ही वाहतूक बंद पडली आणि मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. आजी आली तेव्हा रूळ मीटर गेज होते. १९९० नंतरच्या दशकात ते ब्रॉड गेज झाले.

पण माझ्या रकान्यांत गाडी बसेना. दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस बेळगावला अपरात्री येते. ज्या दूधसागरासाठी आजी हट्ट करत होती, तो काळोखात मागे पडणार. शिवाय पणजी राजधानी खरी, पण तिला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. मडगावला उतरायचे, पुन्हा बस धरायची आणि तीसेक किलोमीटर जायचे. दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे जिने चढायचे. मी 'त्रास' या रकान्यात फुली मारली.

रस्ते तीन, कारण घाट तीन. आंबोलीचा घाट देखणा, पण त्या वाटेने कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातून गोव्यात असे दोनदा सीमा ओलांडणे आले. वातावरण तापले की सीमेवरच्या बस आधी थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तसे झालेच होते. दुसरा अनमोड घाट. खानापूर, लोंढा, रामनगर, मोले, फोंडा असा हा राष्ट्रीय महामार्ग. रुंद, पण लांबचा आणि अवजड ट्रकांचा. तिसरा चोर्ला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली उतरले की केरी, साखळी. सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांमुळे त्याचे नाव काढवत नाही. जानेवारीत मात्र तोच सर्वांत जवळचा. घाट ठरला. वाहन ठरायचे होते.

इथे खरा वाद पेटला. बाबांचे म्हणणे टॅक्सी करावी. "माझ्या आईला या वयात मी बसमधून नेऊ?" बाबा एका पतसंस्थेत कारकून आहेत. टॅक्सीवाल्याने सांगितलेल्या रकमेत आमचे तिघांचे बसने चार वेळा जाणे झाले असते. परराज्यात शिरण्याचा परवाना आणि कर वेगळा, मुक्काम पडला तर त्याचा आकार वेगळा. हे सगळे मी बाबांना आकड्यांनिशी दाखवले. बाबा म्हणाले, "आईच्या बाबतीत हिशेब करायचा नसतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या पाठ्यपुस्तकातही नाही.

उत्तर आजीने दिले. ती म्हणाली, "टॅक्सी नको. दारात गाडी उभी असली की माणूस बसत नाही, नुसता टेकतो. डायव्हर खाली उभा म्हणून तू घड्याळ बघणार, चहा झाला की निघूया म्हणणार. मला टेकायला जायचं नाही. बसनं गेलं की परतायची घाई कुणाला नसते."

मी वहीकडे पाहिले. माझ्या तिन्ही रकान्यांत जाण्याचा विचार होता. राहण्याचा कुठेच नव्हता. टॅक्सी महाग होती ती पैशांमुळेच असे मी धरून चाललो होतो. आजीने दाखवून दिले की तिचे खरे मोल बायजवळचे दिवस हे आहे. परतीचे भाडे आधीच ठरलेले असले की भेटही तेवढीच ठरते. बाबांनी बराच वेळ पानाच्या डब्याचे झाकण उघडझाक केले आणि म्हणाले, "बरं. पण पुढची सीट मिळाली पाहिजे."

पुढची सीट मिळाली. निघताना आजीने एक शंका काढली. जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. तिने आधार कार्ड रुमालात बांधून घेतले होते. ही सवलत राज्याच्या आतली, पणजीच्या गाडीला लागू नाही, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माला फुकट आणि माहेराला तिकीट!" कंडक्टरला मराठी समजत होते. तो हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, माहेरी रिकाम्या हातानं जायचं नसतं." मी त्याचे मराठी करू लागलो, तर आजी म्हणाली, "मला कळतंय रे."

जांबोटी सोडल्यावर रान दाट होते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. तिथले पाणी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेले पाणी म्हादईत जाते आणि मांडवी होऊन पणजीखालून समुद्रात शिरते. या पाण्याच्या वाटणीसाठी लवाद बसला, २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, तरी तंटा मिटलेला नाही. आजीला हे सांगितले तेव्हा ती बाहेर पाहत म्हणाली, "एकीचं पाणी इकडं, एकीचं तिकडं." बहिणींविषयी बोलली की नद्यांविषयी, ते मी विचारले नाही.

घाट उतरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बेळगावपासून रस्त्याच्या पाट्या मी वाचत होतो आणि आजीला सांगत होतो. माझी शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नड मी शिकलो आहे. आजी पणजीच्या मराठी शाळेत शिकलेली, तिला कन्नड अक्षर लागत नाही. साठ वर्षे ती कुणाला तरी पाटी विचारतच बसमध्ये चढली असेल. केरी आली तशी ती स्वतःच वाचू लागली. "केरी... साखळी... डिचोली..." मोठ्याने, पहिलीतल्या मुलीसारखी, एकही पाटी न सोडता. बाबांनी खिडकीकडे तोंड वळवले.

भेटीचे मी फार लिहीत नाही. आजी बायच्या खाटेवर, तिच्या चालत्या हाताच्या बाजूला बसली. दोघी कोकणीत बोलल्या. बायचे अर्धे शब्द आम्हाला लागत नव्हते, आजीला लागत होते. फोनवर न कळलेले सगळे तिथे कळत होते. आम्ही बापलेक दुसऱ्या दिवशी बसने परतलो. आजी राहिली. चार दिवस म्हणता म्हणता एकोणीस दिवस. तेवढ्या दिवसांत बायला ती डाव्या हाताने पेज खायला शिकवत होती, असे तिकडून फोनवर कळले.

तिला आणायला मी एकटा गेलो. तेव्हा वही नेली नाही. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस घाट उजेडी चढते, एवढे पाहिले आणि मडगावहून दोन तिकिटे काढली. जाताना जी गाडी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, ती येताना चपखल बसली. घाई कुणालाच नव्हती. कुळ्याला मागे इंजिने लागली. बोगदा, उजेड, बोगदा, उजेड असे होत दूधसागर आला. जानेवारी सरत आलेला, धार बारीक होती. आजी काहीच बोलली नाही, फक्त पदर नीट केला.

कॅसलरॉकला गाडी थांबली. ही पूर्वीची सरहद्द. आजी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांबरोबर एकदा बेळगावला आली होती, तेव्हा इथे कस्टमवाल्यांनी त्यांची ट्रंक उघडून सगळे कपडे फलाटावर काढले होते, हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितले. "ट्रंकेत काय होतं?" मी विचारले. "माझं आणि बायचं, एका कापडाचे दोन झगे," ती म्हणाली. मागची इंजिने सुटून बाजूला गेली. मग तिने पिशवीतून बायने दिलेल्या खोबऱ्याच्या वड्या काढल्या, एक मला दिली आणि समोर बसलेल्या बाईंना कन्नडमध्ये विचारले, "तुम्ही कुठवर?"