चुकलेला ठोका

इंजिनाचा ठोका चुकू लागला की पुष्कळ मंडळी आधी खिशात हात घालतात. कॉइल बदला, कार्बुरेटर बदला, प्लग तर बदलाच! आमचे आयुष्य इस्पितळाच्या वॉर्डांत गेले. तपासण्याआधी औषध देणे आम्हांला कधी मानवले नाही.

आमच्याकडे १९६८ सालची मॉरिस मायनर आहे. आपली ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, तेव्हा ही तिची धाकटी चुलत बहीणच म्हणावी. इंग्लंडातल्या पुष्कळशा नर्सेस एके काळी याच गाडीतून घरोघर रोगी पाहायला जात, म्हणून आमचा तिच्यावर जास्तच जीव.

दोन हिवाळ्यांमागे तिचे बिनसले. सकाळी छान निघे, वीसेक मिनिटांनी चढावर अडखळू लागे, आणि अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालेच नाही!

रोग्याला आपण विचारतो, दुखते केव्हा? मोटारीलाही तेच विचारावे. ओल्या हवेतच ठोका चुकत असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला तडा गेला असेल किंवा वायरींत ओल शिरली असेल. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर निळ्या ठिणग्या पळताना दिसतात. (पदर, ओढणी पंख्यापासून दूर ठेवा.) एकच सिलिंडर सतत मुका असेल तर रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून पाहावी, जी काढल्याने इंजिनाला काही फरक पडत नाही, तिथे आजार. प्लग पाहणे म्हणजे जीभ पाहणे. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. तेलकट असेल तर दुखणे खोल आहे.

आमची गाडी तापल्यावरच अडखळे, म्हणून संशय कंडेन्सरवर होता. अंगठ्याएवढी वस्तू, पण गरम झाली की दगा देते. ठिणगी तपासायला वाकलो, तोच पेट्रोलचा वास आला. हे म्हणाले, "जुन्या गाडीला वास यायचाच." रोग्याच्या अंगाला वेगळा वास आला तर कोणती नर्स गप्प बसेल? ठिणगीचे काम तिथेच थांबवले. कार्बुरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला घाम फुटल्यासारखे झाले होते, आणि बोटाने दाबताच ती चिखलासारखी मऊ लागली. शेजारीच तापलेले इंजिन!

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते सोसत नाही. महागातल्या पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंतच, तेच आम्ही आता भरतो. आधी नळी बदलली, 'आर ९' छापलेली, मग कंडेन्सर. ठोका सरळ झाला.

मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मुळाबरहुकूम राखलेल्या गाड्यांना एमओटी तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ती नळी दुसरे कोणी पाहणारच नाही. आम्ही तरीही दर वर्षी गाडी नेतो, आणि गॅरेजवाल्याला बत्ती धरून प्रत्येक नळी दाबून पाहायला लावतो. मुंबईत तुमच्या कोणा आप्ताकडे जुनी फियाट असेल तर त्यांनाही कळवा. तिकडे इथेनॉल २० टक्क्यांवर गेले आहे.