सुदामानगर आणि क्षिप्रेचा कादंबरीकार

इंदूर शहराच्या पश्चिम अंगास, अन्नपूर्णा मंदिरावरून पुढे गेले, की सुदामानगर लागते. वसाहत मोठी, घरांच्या रांगा लांबच लांब. अनेक दारांवर मराठी आडनावे दिसतात. गल्लीतील बोली मात्र हिंदी, आणि न्याहारीस पोह्यांवर शेव. सायंकाळी या रांगांतून हिंडताना आम्हांस ठिकठिकाणी ओट्यांवर बसलेली वृद्ध मंडळी दिसली. दोन घटका त्यांच्यापाशी बसावे, तो एक उद्गार हमखास कानी पडतो : “आमच्या आयुष्यावर एक कादंबरी होईल हो!”

वाचकहो, हा उद्गार आपणही ऐकला असेल. कदाचित काढलाही असेल. परंतु आयुष्याची कादंबरी होण्यास काय लागते? याचे उत्तर याच शहरात जन्मलेल्या एका लेखकाच्या चरित्रात आम्हांस सापडते. ते लेखक म्हणजे शरच्चंद्र मुक्तिबोध.

त्यांचा जन्म इंदुरास 1921 साली झाला. पुढे आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी नागपुरात घालविला. ‘क्षिप्रा’ ही त्यांची पहिली कादंबरी 1954 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. ‘सरहद्द’ आली 1962 साली आणि ‘जन हे वोळतु जेथे’ 1969 साली. म्हणजे या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेत पहिल्या ग्रंथापासून तिसऱ्यापर्यंत पंधरा वर्षे गेली. तारुण्यात आरंभिलेले काम पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुरे झाले.

या पंधरा वर्षांतच त्यांच्यावर एक मोठा आघात झाला. त्यांचे वडील बंधू गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतील थोर कवी. दीर्घ आजारानंतर 11 सप्टेंबर 1964 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. पण तो हाती घेण्यास कवी उरला नव्हता. पाठीराखा भाऊ गेल्यावर धाकट्याने लेखणी खाली ठेवली असती, तर कोण दोष देता? पण तिसरी कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी आली. दुःख ओसरल्यावर मग लिहू, असे म्हणणाऱ्यास बहुधा कधीच लिहिता येत नाही. दुःखाला शेजारी बसवूनच लिहावे लागते.

वय वाढले, तशी मुक्तिबोधांची लेखणी कथेकडून चिंतनाकडे वळली. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा त्यांचा विचारग्रंथ 1978 साली निघाला आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तारुण्यात माणूस जे पाहिले ते सांगतो. उतारवयात त्या सांगण्याचे मोल काय, हे विचारू लागतो. वार्धक्याने लेखकाच्या पदरात टाकलेले हे दान होय. 1984 साली त्यांचा अंत झाला.

ज्या नदीचे नाव पहिल्या कादंबरीस मिळाले, तीही आता थकली आहे. इंदुरातून वाहणारी खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते आणि येताना शहराचा मळ घेऊन येते. क्षिप्रेचा प्रवाह आटू लागला, म्हणून 2014 साली नर्मदेचे पाणी वर चढवून तिच्यात सोडावे लागले. आठवणींचेही असेच आहे. एकट्या वृद्धाच्या मनात त्या हळूहळू आटतात; कोणी ऐकणारा भेटला, प्रश्न विचारणारा भेटला, म्हणजे पुन्हा वाहू लागतात.

सुदामानगरातील आजी-आजोबांस खंत वाटते, की नातवंडे मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. मग लिहावे कोणासाठी? ही खंत खोटी नव्हे. तरी त्यांनी मुक्तिबोधांचे घर आठवावे. एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाने हिंदीत लिहिले, दुसऱ्याने मराठीत. आणि दोघांनीही आपापल्या भाषेस श्रीमंत केले. तेव्हा घरातील एखादी कोरी वही काढावी. कादंबरी होवो वा न होवो. आपले गाव, आपली गेलेली माणसे, त्यांच्या हातची चव, त्यांचे रागलोभ, सुचेल तसे मराठीत उतरवावे. हात कापत असेल, तर नातवास जवळ बसवून सांगावे. तो ते हिंदीत लिहून घेऊ लागला, तर त्यास अडवू नये.