पणजोबांचं जन्मसाल

पणजोबांचा मृत्यू लगेच सापडला, जन्म काही केल्या सापडेना. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या गाववहीत १९४३ सालची नोंद आहे: नाव, जात कुणबी, आजार ताप, वय ६५. हे वय घरच्यांनी अंदाजानं सांगितलेलं. वजाबाकी केली तर १८७८ येतं. पण अशा वह्यांत म्हाताऱ्यांची वयं ६०, ६५, ७० अशीच पडलेली दिसतात. चार-पाच वर्षं मागंपुढं धरावीच लागतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या गाववह्या आहेत, पण त्यांत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा तहसिलींतली जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. आमच्या गावाची, खर्ड्याची, माझ्या कामाची वही मात्र हाती लागली नाही.

मग त्र्यंबकेश्वरला गेलो. तीर्थोपाध्यांनी गाव, आडनाव, जात विचारली आणि आतून कापडी बांधणीची नामावळी आणली. मोडीतल्या ओळीवरून बोट फिरवत ते वाचू लागले, ‘कसबे खर्डे...’ आणि पुढे आमचं आडनाव आलं. अंगावर काटा आला. शके १७९७ मध्ये, म्हणजे १८७५-७६ ला, माझे खापरपणजोबा तिथे आले होते. बापाचं, आजाचं, भावांचं नाव आणि दोन मुलगे. लिहिता येत नव्हतं, म्हणून शेवटी निशाणी: शाईनं काढलेला छोटासा नांगर, फाळाची रेघ जरा जाड. शके १८०६ मध्ये ते पुन्हा आले. या वेळी मुलगे तीन, आणि तिसरं नाव माझ्या पणजोबांचं.

म्हणजे जन्म या दोन यात्रांच्या मधला. नामावळीत वय लिहीत नाहीत, तान्हेपणी गेलेली लेकरंही त्यात सापडायची नाहीत, पण आठ-नऊ वर्षांची चौकट तरी पक्की झाली.

ती आवळली आजीच्या एका वाक्यानं. ती सांगायची, ‘मोठ्या दुष्काळात तुझा पणजा झोळीत होता, त्याची आई रेल्वेच्या कामावर माती टाकायची.’ मोठा दुष्काळ म्हणजे १८७६-७८ चा. दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम तेव्हा दुष्काळी काम म्हणून चाललं होतं आणि १८७८ मध्ये गाडी धावू लागली. झोळीतलं मूल फार तर वर्ष-दीड वर्षाचं. मी जन्मसाल १८७६ किंवा १८७७ धरतो.

आठवणीच्या अशा पुराव्याला लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. १९०८ च्या कायद्यानं सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळणार होतं, तेव्हा म्हाताऱ्यांकडे दाखले कुठले असणार? ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं भयंकर वादळ आपल्याला आठवतं, असं कित्येकांनी सांगितलं आणि तेच वयाचा पुरावा म्हणून पुढे केलं. आमच्याकडे प्लेग आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, हेच काम करतात. आजी तर गावातल्या कुणाचंही वय मानमोडीच्या अलीकडचं की पलीकडचं एवढ्यावरून सांगायची.

माझ्या मनाला लागतं ते वेगळंच. दोन्ही यात्रांच्या नोंदींत बाईचं एकही नाव नाही. जिनं पोर झोळीत टाकून माती वाहिली, तिचं नाव आजीलाही ठाऊक नव्हतं. पणजीचं नाव निदान घरात टिकलं आहे. तिचं माहेर भूमकडचं. खर्ड्याहून तसं जवळच, पण १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाचा, त्यामुळे कागदही वेगळे, बरेचसे उर्दूत. उर्दू वाचणारे एक निवृत्त शिक्षक मदतीला तयार झाले आहेत. पेरण्या उरकल्या की आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत.