पद्मिनीचा कार्बोरेटर

प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या कुशीला, एअर फिल्टरच्या काळ्या डब्याच्या आडोशाला तो बसलेला असतो. सोलेक्स कार्बोरेटर. अंगाने लहानसा, करड्या धातूचा, पोटात पितळी जेट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाला किती पेट्रोल आणि किती हवा द्यायची, हे तो एकटा ठरवतो. संगणक नाही, सेन्सर नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधलं पेट्रोल वर येऊन हवेत मिसळतं. वजनाने साधारण पंधरा भाग हवा, एक भाग पेट्रोल. एवढा हिशेब सांभाळण्यात त्याचा जन्म जातो.

स्वभावाने तो सरळ. दुखणं लपवणं त्याला जमत नाही. पायलट जेट तुंबला, तर सिग्नलला गाडी बंद पडते. रेस देत राहिलं तर चालते. मेन जेटमध्ये कचरा आला, तर उलटं होतं: उभी असताना इंजिन झकास, खंडाळ्याच्या चढावर मात्र दम तुटतो. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटला, की पाय दाबताच गाडी अडखळते आणि मग उचलते. फ्लोटला भोक पडलं किंवा नीडल व्हॉल्व्ह नीट बसेना, की पेट्रोल ओसंडतं आणि वास थेट गाडीत येतो. स्पार्क प्लगही त्याची साक्ष देतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काजळी धरली असेल तर बहुधा पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर कमी.

इतकं स्पष्ट बोलूनही आळ त्याच्यावरच येतो. घरात काही फुटलं की धाकट्याचं नाव पुढे यावं, तसं गाडी मिस मारायला लागली की पहिला पाना कार्बोरेटरलाच लागतो. खरा गुन्हेगार पुष्कळदा शेजारी असतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळालेले असतात, त्यांच्यातली गॅप बदललेली असते, कंडेन्सर गेलेला असतो. कधी टाकीतला गंज पाइपातून पुढे सरकत आलेला असतो. मे महिन्यात तर पंप आणि पाइप इतके तापतात, की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याच्या कडेला थांबलेल्या पद्मिनी एका पिढीने पाहिल्या आहेत. त्यात कार्बोरेटरचा काय दोष?

म्हणून चौकशी क्रमाने व्हावी. आधी करंट बघावा: प्लगला ठिणगी निळी, जोरकस पडते का? मग पेट्रोल. एअर फिल्टर काढावा आणि इंजिन बंद ठेवून, गळ्यात डोकावत थ्रॉटल हलवावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचतंय. उडाली नाही, तर त्याचा पाइप सोडून पंपाचा मारा बाटलीत घेऊन बघावा. ही तपासणी थंड इंजिनावर, ठिणगीपासून लांब. एवढं झाल्यावरच त्याला हात लावावा.

आणि हात हलका हवा. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग; १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. त्यात तार घातली, की कायमचं माप बिघडतं. जेट धुवावा, हवा मारावी, बस्स. त्याचं म्हातारपण वेगळं ओळखायचं. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं वर्षानुवर्षं झिजतात, तिथून फुकटची हवा शिरते आणि मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो स्पीड बसत नाही. तिथे ट्युनिंग करत बसण्यात अर्थ नाही, दांड्याला नवं बुश घालावं लागतं.

आता त्याच्यासमोर नवं संकट आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही आणि त्याच मापाच्या जेटमधून मिश्रण पातळ करतं. त्याच्या जन्मकाळी हे इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे तक्रार त्याच्या तोंडून आली तरी कारण इंधनात शोधावं लागतं.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. उरल्या त्या हौसेने जपलेल्या गाड्या. त्या जपणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पंपाचे आणि कार्बोरेटरचे पडदे, रबरी पाइप आजच्या पेट्रोलला टिकतील असे बसवा, टाकी साफ ठेवा, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि बिघाड झाला तर नवा कार्बोरेटर शोधायला धावण्याआधी या जुन्याचं नीट ऐका. तो धुऊन, उघडून, भाग बदलून पुन्हा कामाला लागतो. दुरुस्त होण्यासाठीच घडवलेल्या वस्तूला केवळ घाईपोटी भंगारात काढणं हा तिच्यावर अन्याय आहे.