कार्ल्याच्या खांबांवरची नावं

३ एप्रिल २०२५, चैत्र शुद्ध षष्ठी, कामशेत
आज देवघरला काळभैरवाची यात्रा. कार्ल्याच्या एकवीरा देवीचा हा भाऊ, म्हणून पहिला मान त्याचा. मळवली स्टेशनवर ठाणे-रायगडकडची कोळी-आगरी मंडळी सकाळपासून उतरताहेत. देवीची पालखी उद्या. मीही जाणार.

४ एप्रिल, सप्तमी
कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा देवीचं देऊळ. लेणं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, म्हणून तिथे तिकीट. देवळापुढे नवसाची रांग. ठाण्याच्या एका मावशींना विचारलं, "मावशी, हे सगळं कुणी बांधलं?"
"देऊळ पांडवांनी, एका रात्रीत. आई मात्र आमची. माझी सासू चढली, तिची सासू चढली."
मग त्या आत जाऊन स्तूपापुढेही हात जोडून आल्या. लेणं बौद्धांचं की देवीचं, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही. तो आपण वाद घालणाऱ्यांचा.

५ एप्रिल, अष्टमी
गर्दी ओसरल्यावर चैत्यगृहाचे खांब निवांत पाहिले. धेनुकाकटाच्या सिहधय नावाच्या यवनाने इथे खांब दान दिला, असं त्यावर कोरलंय. नाव इथल्या वळणाचं, दान बौद्ध संघाला, आणि ओळख सांगताना मात्र 'यवन', म्हणजे ग्रीक! तो ग्रीकच होता की ग्रीकांत गणला जाणारा, हे लेखावरून सांगता येत नाही. पण एकाच माणसाच्या इतक्या ओळखी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळात शेजारी-शेजारी नांदत होत्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज वारसा म्हटलं की आपण लगेच एकच मालक शोधतो.

रात्री इतिहासकार कोसंबींचं 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) पुन्हा काढलं. लेणी जुन्या व्यापारी वाटांवर आहेत आणि देवींची ठाणीही वाटांच्या तिठ्यांवर, हे त्यांनी याच डोंगरांत पायी हिंडून जुळवलं. हायडेलबर्गचे अभ्यासक सोन्थायमर धनगरांबरोबर फिरले, ओव्या टिपून घेतल्या. दोघांनीही पोथीइतकंच माणसांच्या तोंडचं खरं मानलं. कार्ल्याच्या अभ्यासात मावशींची सासू यायलाच हवी, असं मला वाटतं ते त्यामुळेच.

६ एप्रिल, रामनवमी
बेडशाच्या लेण्याला जायचं ठरवलंय. तिथे तर यमाई देवी थेट विहारातच बसली आहे, शेंदूर लावून. तिला नैवेद्य कोणत्या घरांतून येतो, आणि सून बाहेरगावची असली तर तिला तो करायला कोण शिकवतं, हे आधी विचारायचं. लेखांचे ठसे नंतर.